मनावर घे म्हटल्याने भूक लागत नाही, अन् जातही नाही

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोठी आत्या काटोलहून आली होती, वडा-भात केला होता, सगळे एकत्र जेवायला बसलो. दादाने भातावर दुसऱ्यांदा हिंगाच्या फोडणीचं तेल घेतलं तर आत्या म्हणाली, "आता पुरे न बाप्पा, जरा मनावर घे, किती वजन वाढवशील." अन् पाचच मिनिटांनी बाबांकडे बघून, कारण बाबा ताटात नुसती बोटं फिरवत होते, "खाऊन घे न रे दोन घास, तू मनावरच नाही घेऊन राह्यला." दोघंही काही बोलले नाही. दादाने ताट थोडं पुढे सरकवलं. बाबांनी एक घास तोंडात घातला अन् तो किती तरी वेळ नुसता घोळवत राह्यले.

मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. पचनसंस्था काय, हॉर्मोन्स काय, दरवर्षी फळ्यावर काढते, तरी त्या दिवशी आत्याला नेमकं काय सांगावं ते मला सुचलं नाही. नंतर बसून बरंच वाचलं अन् जे कळलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. माझ्याच घरात एकाला खाणं थांबवता येत नव्हतं, एकाला सुरूच करता येत नव्हतं, अन् दोघांनाही दोष एकच लावत होतो आम्ही, मनाचा.

आधी साधी रोजची भूक घेऊ. सकाळी साडेसातला आपल्या नागपुरात कुठल्याही तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून बघा. मोठ्या परातीत वाफाळलेले पिवळे पोहे, बाजूला चण्याच्या लाल तर्रीचं पातेलं, वर तेलाचा तवंग, ठेलेवाला प्लेट भरतो, तर्रीचा डाव उपडा करतो, कांदा टाकतो, लिंबू पिळतो, अन् रांगेतला माणूस नुसता बघता बघता आवंढा गिळतो. हा माणूस रोज साडेसातला खातो म्हणून त्याला साडेसातलाच भूक लागते, रविवारीही, आदल्या रात्री लग्नात उशिरापर्यंत जेवला असेल तरीही. पोट रिकामं झालं म्हणून भूक लागते असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. जठराच्या वरच्या भागातल्या काही पेशी घ्रेलिन नावाचं हॉर्मोन सोडतात, अन् हे घ्रेलिन जेवणाच्या ठरलेल्या वेळेच्या आधी वाढायला लागतं, जेवल्यावर खाली येतं. म्हणजे शरीर घड्याळ बघून आधीच तयारीला लागतं. १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासु कोजिमा अन् केंजी कांगावा यांनी हे शोधलं, म्हणजे तसं काही फार जुनं नाही, मी स्वतः शाळेत असताना भुकेचं हॉर्मोन असं काही पुस्तकात नव्हतंच.

एकदा उपास केला असेल तर आठवून बघा, दुपारी एकला जीव कासावीस होतो अन् तीन-साडेतीनला आपोआप बरं वाटतं, मधात काही खाल्लेलं नसतं तरी. पोट तर जास्तच रिकामं झालं न तोवर? पण घ्रेलिनची ती लाट येऊन गेलेली असते.

आता हे घ्रेलिन जातं कुठं, तर मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे तिथं. तहान, अंगाचं तापमान, झोप, अन् भूक, हा सगळा कारभार तिथून चालतो. त्यात अगदी जवळजवळ राहणारे पेशींचे दोन गट आहेत, एक गट चेतला की "खा" म्हणतो अन् दुसरा चेतला की "पुरे" म्हणतो. "खा" वाल्या पेशींना एजीआरपी पेशी म्हणतात, एवढं एक नाव लक्षात ठेवा. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत फक्त ह्याच पेशी प्रकाश टाकून चेतवल्या तर पोटभर खाल्लेले उंदीर काही मिनिटांत पुन्हा खायला धावले. अन् त्याच्या आधी, २००५ मध्ये, पूर्ण वाढ झालेल्या उंदरांमधल्या ह्याच पेशी मारून बघितल्या होत्या, तर त्या उंदरांनी खाणंच सोडलं, समोर अन्न असून. मेंदूतल्या चिमूटभर पेशी. त्या उंदराने मनावर घ्यायचं म्हणजे काय करायचं?

ह्या पेशींबद्दलची सगळ्यात भारी गोष्ट २०१५ मध्ये कळली, अमेरिकेत झॅकरी नाइट यांच्या लॅबमध्ये. सगळ्यांना वाटायचं की उंदीर खाईल, अन्न पोटात जाईल, मग हळूहळू ह्या पेशी शांत होतील. पण उंदराला अन्न दिसलं, वास आला, की पहिला घास घ्यायच्या आतच, काही सेकंदांत, ह्या पेशी शांत व्हायला लागल्या. अन्न चवदार असलं तर जास्तच. मात्र दाखवून खाऊ नाही दिलं तर थोड्या वेळाने पुन्हा बोंब सुरू. म्हणजे ह्या पेशींचं काम उंदराला अन्नापर्यंत ओढत नेणं, पुढचं काम दुसऱ्या कोणाचं तरी.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ तशीच बसली होती. ऑफिसमधून थकून आल्यावर, "आधी जेवायला वाढ, मग बोल" म्हणणारा माणूस ताट समोर आल्याबरोबर कसा नरम पडतो ते आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे.

थांबायचं कसं कळतं, आता ते. जेवताना जठर ताणलं जातं, तो निरोप व्हेगस नावाच्या लांब नसेतून मेंदूकडे जातो. मग अन्न लहान आतड्यात उतरतं, तिथं फॅट अन् प्रोटीन पोचलं की सीसीके नावाचं हॉर्मोन सुटतं, ते म्हणतं हळू घे. अजून पुढे, आतड्याच्या शेवटाकडे, पीवायवाय अन् जीएलपी-१ ही आणखी दोन सुटतात. ह्या सगळ्याला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तरी. सावजी जेवायला गेलो की पहिल्या दहा मिनिटांत नाकातून पाणी काढत काढत चार पोळ्या अन् दोन वाट्या रस्सा कसा जातो अन् हात धुवायला उठलं की एकदम पोट जड का वाटतं, ते ह्याच्यामुळे. निरोप निघालेला होता, पोचायच्या आत आपण जेवून मोकळे झालो.

जेवल्याची आठवण ही पण एक गोष्ट आहे बरं का. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन अन् त्यांच्या सोबतच्यांनी स्मृती गेलेल्या दोन पेशंट्सवर एक साधा प्रयोग केला, त्यांना जेवण दिलं, मग दहा-तीस मिनिटांनी पुन्हा जेवण दिलं, ते पुन्हा जेवले, अन् तिसऱ्यांदा दिलं तरी खायला सुरुवात केली. पोट भरलेलं होतं, पण जेवलो हे आठवत नव्हतं. आम्ही लहान असताना आजी टीव्हीसमोर ताट नेऊ द्यायची नाही अन् आम्हाला राग यायचा, पण टीव्ही बघत जेवलं की काय जेवलो ते डोक्यात नीट बसत नाही अन् नंतर जास्त खाणं होतं असं संशोधनात दिसतं, तर आजीचं बरोबरच होतं.

हे झालं एका जेवणापुरतं. आता महिन्यांचा अन् वर्षांचा हिशोब, अन् दादाची गोष्ट इथं सुरू होते.

१९४९ मध्ये अमेरिकेत बार हार्बर गावच्या जॅक्सन लॅबोरेटरीत एक उंदीर जन्माला आला जो खातच सुटला, साध्या उंदराच्या तिप्पट वजनापर्यंत गेला. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी अशा लठ्ठ उंदराचा अन् साध्या उंदराचा रक्तप्रवाह जोडून बघितला तर लठ्ठ उंदीर कमी खायला लागला. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं जे लठ्ठ्याच्या रक्तात नव्हतं. ते काय, हे सापडायला १९९४ उजाडलं, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने तो जीन शोधला अन् त्यातून बनणाऱ्या हॉर्मोनला नाव दिलं लेप्टिन. अन् हे हॉर्मोन बनवतं कोण, तर आपली चरबी. चरबी म्हणजे नुसता साठा असं आपण समजतो, पण ती मेंदूला रोज कळवत असते की कणगीत धान्य किती आहे.

१९९७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांकडे दोन मुलं आली, नात्यातली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. सारखी भूक, जेवण झालं की लगेच पुन्हा भूक. विचार करा त्या आईबापांना लोक काय काय बोलले असतील, लाड केले, वळण नाही लावलं. तपासलं तर दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. कणगी ओसंडून वाहत होती अन् मेंदूला मात्र निरोप येत होता की घरात दाणा नाही. मग त्या मुलीला लेप्टिनचं इंजेक्शन रोज सुरू केलं अन् वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलो उतरलं, म्हणजे इंजेक्शनने भूकच माणसासारखी झाली तिची. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मोबाइल खाली ठेवतात.

पण असा आजार फार म्हणजे फारच कमी लोकांना असतो. बाकी जाड माणसांमध्ये लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही, म्हणून त्यांना वरून लेप्टिन देऊन फारसा उपयोग झाला नाही. लेप्टिनचा खरा हिसका दिसतो तो उलट्या बाजूने, वजन उतरायला लागलं की. चरबी कमी झाली की लेप्टिन धाडकन खाली येतं अन् मेंदूला वाटतं दुष्काळ पडला.

दादा बुटीबोरीला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. १०२ किलो होता. आठ महिन्यांत ८४ वर आला, रोज सकाळी अंबाझरीला चालायला, रात्री नुसतं ताक अन् सॅलड, गणपतीत मोदकाला हात लावला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या दीड वर्षात ९८. अन् ह्या दीड वर्षात तो आळशी झाला नव्हता, मी बघत होती न, तो रात्री अकराला किचनमध्ये फ्रिज उघडून उभा राहायचा, पुन्हा बंद करायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उघडायचा. एकदा मला म्हणाला, "मला दिवसभर डोक्यात जेवणच चालू राहते ग, मीटिंगमध्ये बसलो तरी." एका डॉक्टरांना विचारलं तर ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, तोंडावर कंट्रोल ठेवा. दादा घरी येईपर्यंत गाडीवर एक शब्द बोलला नाही.

दिवसभर डोक्यात जेवणच चालू राहते, ह्या दादाच्या वाक्याचं उत्तर १९४४-४५ चं आहे. महायुद्ध चालू असताना अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत ॲन्सेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना, तेही स्वतःहून तयार झालेल्यांना, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण चौथा हिस्सा उतरलं. ही साधी पोरं, आधी कधी खाण्याचं वेड नसलेली, अन् बघता बघता त्यांचं बोलणं जेवणाचं, स्वप्नं जेवणाची, बसल्या बसल्या पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटं चाटायला लागली. अन् नंतर मोकळं सोडल्यावर पोट गच्च भरूनही काहींची भूक जाईना. तेव्हा लेप्टिन कोणाला माहीतच नव्हतं.

मग २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० जाड लोकांना दहा आठवडे कडक डाएट दिलं, वजन उतरलं, लेप्टिन पडलं, घ्रेलिन चढलं, हे तर अपेक्षितच होतं, पण एका वर्षानंतर पुन्हा तपासलं तरी हॉर्मोन्स जुन्या जागी आलेले नव्हते अन् भूक वाढलेलीच होती. एक वर्ष! म्हणजे दादा ज्या दीड वर्षात "ढिला पडला" असं आम्ही म्हणत होतो त्या काळात त्याचं शरीर रोज, सुट्टी न घेता, त्याला मागे ओढत होतं, अन् तरी तो १०२ वर गेला नाही, ९८ वर थांबला. हे कळल्यावर मी त्याची माफी मागितली. तो हसला फक्त.

त्यात शिफ्ट. २००४ मध्ये शिकागोला १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्के उतरलं, घ्रेलिन २८ टक्के चढलं, अन् भूक २४ टक्के जास्त वाटली त्यांना. दोन रात्रींत. दादाच्या महिन्यातून दहा-बारा नाइट असायच्या, अन् मे महिन्यात दिवसा झोपायचं म्हणजे कूलर कितीही फुल ठेवा, लाइट गेली की झोप गेली.

(गरमीचं निघालंच आहे तर, नवतप्यात आपली भूक मरते ती पण हायपोथॅलॅमसचीच सोय आहे. अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते, अन् बाहेर ४५ असताना शरीराला ती नको असते. आंबील, कैरीचं पन्हं ह्यावर दिवस निघतो तो उगाच नाही.)

आता डोपामिन. हे नाव आजकाल रील्समध्ये सगळेच घेतात अन् "आनंदाचं रसायन" म्हणतात, अन् ते चूक आहे, म्हणजे निदान खाण्याच्या बाबतीत तरी चूक आहे, आणि ही चूक दुरुस्त झाल्याशिवाय बाबांचं काय झालं होतं ते समजणार नाही म्हणून थोडं थांबून वाचा.

मिशिगन युनिव्हर्सिटीचे केंट बेरिज उंदरांचे चेहरे बघायचे. खरंच. गोड पाणी दिलं की उंदीर ओठ चाटतो, कडू दिलं की तोंड वेंगाडतो, तान्ह्या बाळासारखंच. १९८९ मध्ये त्यांनी अशा उंदरांचा अभ्यास केला ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं होतं. हे उंदीर खात नव्हते, समोर अन्न असून उपाशी. तर सगळ्यांना वाटणार की त्यांना चवच लागत नसेल. पण तोंडात गोड टाकलं तर तसेच ओठ चाटत होते, अगदी पहिल्यासारखे. आवडत होतं. फक्त हवंसं वाटत नव्हतं, उठून तिथपर्यंत जावं असं काही आतून येत नव्हतं. काही वर्षांनी, १९९५ मध्ये, रिचर्ड पामिटर यांनी जन्मतः डोपामिन न बनवू शकणारे उंदीर तयार केले, ते दूध सुटायच्या वयात भुकेने मरायचे, अन् डोपामिन बनवणारं औषध टोचलं की उठून खायला लागायचे.

म्हणजे आवडणं वेगळं अन् ओढ वेगळी. मेंदूत दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. आवडण्याचं काम मेंदूतली अफूसारखी नैसर्गिक रसायनं जास्त करतात अन् ओढीचं काम डोपामिन करतं. मराठीत आपण "भूक नाही पण खाखा सुटली आहे" म्हणतो न, ती खाखा म्हणजे ही ओढ. सीताबर्डीवरून जाताना कढईतून निघणाऱ्या समोशाचा वास आला अन् पाय आपोआप वळले, समोसा खाल्ला, मधात जाणवलं की काही खास नाही, तरी पूर्ण खाल्ला, असं झालंय का? ओढ होती, आवड नव्हती. अन् ही ओढ वस्तूपेक्षा तिच्या खुणेला चिकटते, वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी ज्या माकडांवर प्रयोग केले त्यांच्यामध्ये आधी ज्यूस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी चेतायच्या, मग सवय झाल्यावर ज्यूस येणार हे सांगणारा दिवा लागला की चेतायला लागल्या अन् खुद्द ज्यूसला गप्प. आपल्या बाबतीत तो दिवा म्हणजे संत्रा बर्फीचा डबा, फूड ॲपचं नोटिफिकेशन, चार वाजताचा चहा म्हटला की त्याच्यासोबतची खारी. घ्रेलिन अन् लेप्टिन हे दोघंही ह्या डोपामिनच्या रस्त्यावर येऊन काम करतात, म्हणून पोट रिकामं असताना वासाची ओढ दुप्पट लागते अन् वजन उतरवलेल्या माणसाला तर रस्त्यावरची प्रत्येक कढई हाक मारते.

अन् पोट भरल्यावर गोडाला जागा कशी होते ते पण सांगते, एकाच चवीचा मेंदूला कंटाळा येतो, वेगळी चव समोर आली की ओढ नवीन होते. पंगतीत मठ्ठा-जिलेबी शेवटी येते अन् सगळे घेतात.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच प्रयोग सांगते, २०१९ चा, अमेरिकेत केव्हिन हॉल यांचा. २० लोकांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं अन् दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण, दोन्हीत वाढलेली साखर, मीठ, फॅट, फायबर सारखं, पाहिजे तितकं खा. तयार खाण्याच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता.

आता बाबा.

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला गेल्या वर्षी. केमोने मळमळ होते, चव जाते, हे आम्हाला सांगितलं होतं. पण बाबांचं खाणं केमोच्या आधीच, निदान व्हायच्याही दोन-तीन महिने आधी कमी झालं होतं अन् आम्ही म्हणत राह्यलो की वयामुळे असेल, नखरे असतील. आईने सांभारवडी केली, बाबांची जीव की प्राण. पुदिन्याची चटणी, गरम गरम, हातात दिली. त्यांनी एक तुकडा खाल्ला, म्हणाले, "छान झाली आहे." अन् बाकीची वडी प्लेटमध्ये तशीच. आई मला किचनमध्ये येऊन म्हणाली, "खोटं बोलतात. आवडली असती तर खाल्ली असती."

बाबा खोटं बोलत नव्हते. आवडलीच होती. बेरिजच्या उंदरासारखं अगदी तंतोतंत, असं मी म्हणणार नाही, बाबांच्या मेंदूत नेमकं काय चाललं होतं ते कोणी तपासलेलं नव्हतं. पण चव छान लागणं अन् पुढचा घास घ्यावासा वाटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं कळलं तेव्हा आईला ते समजावता आलं. अन् मोठ्या आजारात भूक मरते त्याला पण रसायनं आहेत, ताप आला की पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात ती हायपोथॅलॅमसवर काम करून भूक मारतात, म्हणून तापात जेवावंसं वाटत नाही. कॅन्सरमध्ये बऱ्याच जणांच्या रक्तात जीडीएफ-१५ नावाचं एक हॉर्मोन खूप वाढतं, ते मेंदूच्या देठाशी असलेल्या मळमळीच्या केंद्रावर जाऊन बसतं, ही बसायची जागा २०१७ मध्ये सापडली. गरोदर बाईला सुरुवातीला फोडणीचा वास सहन होत नाही त्याच्यामागेही हेच हॉर्मोन आहे, ते २०२३ मध्ये पक्कं झालं. पहिल्या तीन महिन्यांत सुनेला "आम्ही नाही काढली का पोरं" म्हणणाऱ्या सासवांपर्यंत हे पोचायला पाहिजे.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारतात आजकाल सगळे. ते आतड्यातल्या जीएलपी-१ ची नक्कल आहे. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत मोडून जातं, पण अमेरिकेच्या वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेत तसंच पण टिकाऊ द्रव्य जॉन एंग यांना १९९२ मध्ये सापडलं, त्यावरून पहिलं औषध २००५ मध्ये आलं, अन् आताची सेमाग्लुटाइडसारखी औषधं आठवड्यातून एकदा घ्यायची असतात. २०२५ मध्ये मौंजारो अन् वेगोव्ही ही अशी दोन इंजेक्शनं भारतात आली. घेतलेले लोक सांगतात की डोक्यातला जेवणाचा सततचा आवाज बंद झाला, म्हणजे तेच जे दादा म्हणाला होता, मीटिंगमध्ये पण चालू असणारा. हे औषध कोणी घ्यावं ते डॉक्टरच ठरवू शकतात, उलट्या, बद्धकोष्ठता, स्नायू उतरणं हे सगळं होऊ शकतं, अन् सेमाग्लुटाइड बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग वर्षभरात परत येतो असं अभ्यासात दिसलं आहे. ते परत येणं पण मला दुःखाचं वाटतं अन् खरं बोलणारं पण. औषध होतं तोवर ती माणसं "कंट्रोल" वाली होती, औषध गेलं की नाही. माणूस तोच होता न?

दादाने इंजेक्शन घेतलं नाही अजून, दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवलं, त्यांनी पूर्ण पाऊण तास ऐकून घेतलं. नाइट शिफ्ट कमी करून मिळाली. खारी-बिस्किटाचे डबे आईने ओट्यावरून उचलून वरच्या कपाटात ठेवले, दिवाच दिसला नाही तर ओढ कमी लागेल म्हणून. वजन ९६ वर आहे, कोणी विचारत नाही.

बाबांचं ताट आम्ही बंद केलं. भरलेलं ताट बघूनच ते दमायचे. आता लहान वाटी, दर दोन तासांनी, गरम नाही, कारण गरम अन्नाचा वास जास्त पसरतो, थंड दही-भात नाहीतर आंबील, अन् फोडणी देताना किचनचं दार लावून घेतो. खा म्हणायचं नाही असं ठरलंय. परवा आत्याचा फोन आला होता, व्हिडिओ कॉल, बाबा वाटी हातात घेऊन बसले होते. ती दोन मिनिटं बघत राह्यली, मग म्हणाली, "आंबील काय रे? ताकातली की साधी?" बाबा म्हणाले ताकातली, अन् चमचा वाटीत घातला.